मास्तरांचा रोव्हर्स कप

मुंबईत १८९१ साली सुरू झालेला फुटबॉलचा रोव्हर्स कप बरीच वर्षे गोऱ्या पलटणींच्याच हाती राहिला. तोच कप १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम पेशाने शाळामास्तर. भारतीय संघही त्यांनीच घडवला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये तो चौथा आला. १९६२ मध्ये कर्करोग अंगावर घेऊन ते जकार्ताला गेले. आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवले. ११ जून १९६३ रोजी, अवघ्या ५३ व्या वर्षी ते गेले. त्यानंतर फुटबॉलचे आशियाई सुवर्ण आपल्याला मिळालेले नाही. बुलढाण्यात जमलेल्या आपल्या सर्व सर-मॅडमना हे मुद्दाम सांगावेसे वाटले.