वसंत रामजी खानोलकर

वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल, १८९५ – २९ ऑक्टोबर, १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ व कर्करोग संशोधक होते. कर्करोग शरीरात नेमका कोठे उद्भवतो, तेथील ऊती आधीपासून कशा बदललेल्या असतात आणि त्या बदलामागे लोकांची कोणती सवय असते, हा त्यांच्या कर्करोगविषयक अभ्यासाचा गाभा होता.

शिक्षण व अध्यापन

लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम.डी. ही पदवी त्यांनी १९२३ मध्ये मिळवली. मुंबईतील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय येथे अध्यापन केल्यानंतर, १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

संशोधन

बी. सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी भारतातील तीन वेगळ्या कर्करोगांचे वर्णन केले. त्यांपैकी धोतराचा कर्करोग महाराष्ट्राच्या परिचयाचा. वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळलेल्या धोतराने कमरेची त्वचा घासली जाते. प्रथम तिचा रंग उडतो, मग ती जाड व निबर होते. पुढे तेथे न भरणारा व्रण पडतो आणि त्या वणाच्या कातडीत कर्करोग मूळ धरतो. आंध्रात चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूवर, तर चुना मिसळलेली खैनी खालच्या ओठामागे ठेवणाऱ्यांच्या ओठावर रोग आढळे. हा रोग दैवाचा भोग समजला जाण्याच्या काळात ही निरीक्षणे मोलाची होती, कारण सवय बदलता येते.

पेशींभोवतीच्या कोलॅजन तंतूंचा ताठरपणा कर्कपेशींच्या वाढीस व प्रसारास हातभार लावतो, हे पुढे प्रयोगांनी दिसून आले. सुपारीच्या सेवनाने तोंडाचे अस्तर ताठ होऊन तोंड उघडेनासे होते. या विकाराचाही कर्करोगाशी संबंध आहे. खानोलकरांच्या काळी असा ताठरपणा मोजण्याची साधने नव्हती. त्यांना या शाखेचे जनक म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र गाठीइतकेच तिच्या भोवतालाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी त्याच दिशेची होती.

कुष्ठरोगाचे जंतू त्वचेतील मज्जातंतूंच्या वाटेने कसे पसरतात, याचाही त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला.

संस्थात्मक कार्य

१९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संचालक होते. तेथेच त्यांच्या विद्यार्थिनी कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू व वैद्यकाचे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापकही होते. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.