तुकोबांचा दुसरा जन्म
देहूच्या सधन महाजन घराण्यात जन्मलेल्या तुकोबांवर ऐन तारुण्यात आभाळ कोसळले. आई-वडील निवर्तले. पाठोपाठ १६३०च्या सुमाराच्या भीषण दुष्काळाने व्यापार बुडाला, पत गेली. थोरली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही दगावला. विरक्त तुकोबांनी डोंगरावरचा एकांत जवळ केला आणि ते विठ्ठलचिंतनात बुडाले. परंपरा सांगते, की घरच्या सावकारीची निम्मी खते धाकटे बंधू कान्होबांना देऊन आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली. दुष्काळात स्वतः होरपळलेल्या सावकाराने आपल्या ऋणकोंना मोकळे केले. पूर्वजांचे जीर्ण विठ्ठल मंदिर सावरून ते कीर्तनाला उभे राहिले. दिवाळखोर वाण्याचा हा दुसरा जन्म. महाराष्ट्राला संत तुकाराम लाभले ते याच जन्मात.