रँग्लर पावटे : ममदापूर ते धारवाड

रँग्लर म्हटलं की मराठी माणसाला र. पु. परांजपे आठवतात. ते केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले १८९९ साली. त्याच वर्षी गोकाक तालुक्यातल्या ममदापुरात दादाप्पा चिंतप्पा पावटे जन्मले.

धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकून पावटे केंब्रिजला गेले. तिथे तेव्हा लिटलवुड शिकवत. पदांची संख्या अनंताकडे जाताना मालिकेची बेरीज कुठे स्थिरावते, हा त्यांचा अभ्यासविषय. पावटेही गणितात पहिल्या वर्गात येऊन रँग्लर झाले.

पण संशोधनापेक्षा कारभाराची वाट लांब ठरली. बनारस हिंदू विद्यापीठात शिकवून ते सरकारी शिक्षण खात्यात आले आणि मुंबई प्रांताचे शिक्षण संचालक झाले. १९५४ ते १९६७ ते कर्नाटक विद्यापीठाचे कुलगुरू होते. विद्यापीठ १९४९ मध्ये मुंबईत स्थापन होऊन धारवाडला आलं होतं. छोटा महाबळेश्वर टेकडीवर ते उभं राहिलं पावटेंच्या काळात. पुढे ते पंजाबचे राज्यपाल झाले. १९७९ मध्ये त्यांचं निधन झालं.

गणितात त्यांचं प्रमेय नाही. पण २०१० पर्यंत बेळगावची कॉलेजं याच विद्यापीठाला जोडलेली होती. सीमाभागातल्या कित्येक मराठी घरांत आजही धारवाडचीच पदवी जपून ठेवलेली असते. त्या विद्यापीठाच्या परिसराला पावटेनगर म्हणतात.