शुचितेचा एकच मापदंड

लैंगिक शुचितेचा उपदेश ख्रिस्ती धर्माने स्त्री आणि पुरुष या दोघांनाही केला. समाजाने मात्र तो व्यवहारात आणताना पापाचा सारा भार स्त्रीच्या माथी ठेवला. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये या ढोंगावर आघात करणारी स्त्री धर्माबाहेरची नव्हती. ती एका धर्मोपदेशकाची पत्नी होती.

जोसेफिन बटलर यांचा जन्म १८२८ सालचा. वडील जॉन ग्रे गुलामगिरीचे कडवे विरोधक; त्यामुळे अन्यायाची चीड त्यांना वारशानेच मिळाली होती. १८५२ मध्ये जॉर्ज बटलर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८६४ मध्ये पाच वर्षांची मुलगी ईव्हा घरातच उंचावरून पडून दगावली. पुढे लिव्हरपूलला आल्यावर हे दुःख उराशी घेऊन त्या निर्धनांच्या श्रमगृहात जाऊ लागल्या. जुने दोरखंड पिंजणाऱ्या बायकांशेजारी बसून त्यांनीही दोर पिंजले आणि पतित म्हणून टाकलेल्या आजारी मुलींना आपल्या घरी आसरा दिला.

त्याच सुमारास, १८६४, १८६६ व १८६९ साली, सांसर्गिक रोगांविषयीचे कायदे झाले. सैनिकांचे गुप्तरोगांपासून रक्षण हा त्यांचा हेतू. लष्करी ठाणी आणि बंदरे असलेल्या ठराविक गावांत केवळ वेश्या असल्याच्या संशयावरून पोलिसांनी स्त्रीला हेरावे, तिची सक्तीने वैद्यकीय तपासणी व्हावी, नकार दिल्यास तिला तुरुंगात धाडावे, अशी ही व्यवस्था होती. तिच्याकडे जाणाऱ्या पुरुषाची तपासणी मात्र नव्हती!

सभ्य स्त्रीने ज्याचा उच्चारही करू नये अशा या विषयावर बटलरबाई १८६९ पासून जाहीर सभांतून बोलू लागल्या. १८७० मध्ये कोल्चेस्टरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या मुक्कामाच्या हॉटेलवर जमाव चालून गेला. पण तेथे सरकारपक्षाचा उमेदवार पडला. त्यांचा आधार बायबलचाच होता. ख्रिस्ताने बहिष्कृत स्त्रियांना करुणेने जवळ केले, मग त्याच्या अनुयायांनी त्यांना कोंडावे कसे, हा त्यांचा सवाल होता. पती खंबीरपणे पाठीशी राहिले. अखेर १८८६ मध्ये ते कायदे रद्द झाले.

हिंदुस्थानातही १८६८ पासून असाच कायदा होता. तो १८८८ मध्ये गेला. तरी छावण्यांतून जुनी पद्धत आडमार्गाने चालू राहिली आणि बाईंनी तिच्याविरुद्धही आवाज उठविला.

बटलरबाईंना नीतीचे बंधन सैल करावयाचे नव्हते. ते पुरुषालाही तितकेच लागू करावयाचे होते. मात्र शुद्धीच्या नावाने पोलिसी बळ वापरू पाहणाऱ्या सुधारकांनाही उत्तरायुष्यात त्यांनी विरोध केला. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले. नीतिरक्षणाचा कायदा जेव्हा जेव्हा पुढे येतो, तेव्हा त्याचा हात प्रथम कोणाच्या मनगटावर पडतो, हे पाहण्याची दृष्टी त्यांनी दिली. ती जुनी झालेली नाही.