बांबूच्या कांबीवर मोजलेलं जंगल

भाचीच्या मुलीनं बारावीच्या निकालानंतर घरात जाहीर केलं, की आपण दापोलीला वनशास्त्राची पदवी घ्यायला जाणार. भाचीचा चेहरा उतरला. इंजिनिअरिंग नाही, मेडिकल नाही, आणि जंगलात हिंडायला कॉलेज कशाला? बँकेत उभी हयात काढलेला मामा म्हणून निवाड्यासाठी प्रकरण माझ्याकडे आलं. मी निवाडा दिला नाही. त्या दोघींना दिट्रिश ब्रँडिस या जर्मन माणसाची गोष्ट सांगितली.

ब्रँडिस १८२४ साली बॉन शहरात जन्मले. वडील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. मुलगा वनस्पतिशास्त्र शिकला आणि बॉनलाच शिकवू लागला. कदाचित तिथंच पेन्शनीत निघाला असता. पण १८५४ साली त्यांनी रेचेल नावाच्या विधवेशी लग्न केलं. त्या श्रीरामपूरच्या (आपलं नगरकडचं नव्हे, बंगालमधलं) मिशनरी जोशुआ मार्शमन यांच्या कन्या. त्यांच्या बहिणीचे यजमान हॅवलॉक, सत्तावनच्या धामधुमीत कानपूर-लखनौला गाजले तेच. या नात्यागोत्यातून ब्रँडिस यांचं नाव गव्हर्नर जनरल डलहौसीपर्यंत पोचलं आणि १८५६ साली ते ब्रह्मदेशात पेगूच्या सागवनांचे अधीक्षक म्हणून रुजू झाले. वशिल्यानं लागलेली माणसं पुढे काय दिवे लावतात ते मी नोकरीत पुष्कळ पाहिलं आहे. हे प्रकरण निराळं निघालं.

पेगू इंग्रजांनी १८५२ च्या युद्धात घेतलं होतं. जहाजांना साग हवा होता आणि व्यापारी सरसकट तोड करत होते. जंगलात झाडं किती, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. ब्रँडिस हत्तीवर बसून डोंगरवाटांनी निघाले. डाव्या हातात बांबूच्या चार कांबी, सागाच्या घेराच्या चार प्रतींसाठी एकेक. दिसेल त्या सागाची त्याच्या प्रतीच्या कांबीवर चाकूनं खाच पाडायची. त्या दमट हवेत कागद टिकला नसता. महिनोन्‌महिने हा उद्योग चालला. मध्ये तापानं गाठलं, तरी चालला.

चंद्रपूरला बदली असताना कर्जदारांच्या लाकडाच्या वखारी तपासायला मी जात असे. हातात खडू, डोक्यावर ऊन. शेवटच्या दोन रांगा मी नजरेनंच मोजत असे, हे आता सांगायला हरकत नाही. म्हणून त्या खाचांचं मला जास्त अप्रूप वाटतं.

या मोजणीतून निघालेला हिशेब कोणत्याही बँकवाल्याला पटावा असा होता. उभं जंगल हे मुद्दल. दुसऱ्या प्रतीचं झाड पहिल्या प्रतीत यायला किती वर्षं लागतात ते काढायचं आणि दरसाल तेवढ्याच बेतानं मोठी झाडं तोडायची, म्हणजे फक्त व्याज खायचं. सागाचं ओलं लाकूड पाण्यात बुडतं. म्हणून बुंध्याभोवती खोल कापून झाड दोन-तीन वर्षं उभ्यानंच वाळवतात आणि मग तोडून नदीत सोडतात. कोणतं झाड असं वाळवायचं, हे ठरवणं ब्रँडिस यांनी सरकारच्या हातात ठेवलं. रंगून-मौलमीनचे लाकूडव्यापारी खवळले आणि ते भांडण वर्षानुवर्षं पुरलं. डोंगरातल्या करेन शेतकऱ्यांना मात्र त्यांनी जोडून घेतलं. जाळून केलेल्या शेतात भाताबरोबर सागही लावायचा, पीक निघालं की शेतकरी पुढं सरकणार आणि मागं सागाची लागवड उभी राहणार.

१८६४ साली हिंदुस्थानचं वनखातं निघालं आणि ब्रँडिस त्याचे पहिले प्रमुख झाले. तोवर रेल्वे आली होती आणि तिच्या रुळांखालच्या स्लीपरांसाठी डोंगर उघडे पडत होते. खातं आहे पण शिकलेली माणसं नाहीत, ही त्यांची पहिली अडचण. वरच्या जागांसाठी निवडलेले तरुण त्यांनी फ्रान्स-जर्मनीत शिकायला धाडले आणि १८७८ साली डेहराडूनला शाळा काढली. आपल्याकडच्या वनशिक्षणाचं मूळ तिथं आहे.

त्याच साली नवा वनकायदाही आला आणि गोष्ट अवघड होते ती इथं. राखीव जंगलांच्या हद्दी पडल्या. ज्या रानात गुरं चरत, जळण मिळे, ते सरकारजमा झालं. ब्रँडिस १८८३ साली निवृत्त झाले. त्याच वर्षी महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. गायरानं आणि डोंगर गिळणाऱ्या जंगलखात्यावर त्यात त्यांनी ओढलेला आसूड प्रसिद्धच आहे. गावांना स्वतःची जंगलं असावीत असा ब्रँडिस यांचा आग्रह होता. देवरायांबद्दल त्यांना आदर होता. कायद्यात ग्रामवनांचं प्रकरण आलंही, पण बहुतेक ठिकाणी ते कागदावरच राहिलं. मला वाटतं, झाडं मोजताना त्यांच्या हातात चार कांबी होत्या. झाडाखालच्या माणसांसाठी पाचवी कांब खात्याला कधी सापडलीच नाही. ब्रँडिस खात्याचे धनी होते, तेव्हा हा दोष त्यांच्या खाती पडतोच.

निवृत्तीनंतर ते बॉनला परतले, पण शिकवणं सुटलं नाही. त्यांच्या सल्ल्यानं शिकलेला गिफर्ड पिंशो हा तरुण १९०५ साली अमेरिकेच्या वनसेवेचा पहिला प्रमुख झाला. भारतातल्या वृक्षांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९०६ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी निघाला. पुढच्याच वर्षी ते गेले. ब्रह्मदेशातल्या एका थोराड बांबूच्या शास्त्रीय नावात ब्रँडिस हे नाव आहे.

भाचीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पण मामा, नोकरीचं काय? मला ठाऊक होतं ते सांगितलं. दिल्लीच्या आयोगाची भारतीय वनसेवेची परीक्षा, मुंबईच्या आयोगाची राज्य वनसेवेची. शिवाय रोपवाटिका, लाकूड आणि कागदाचे कारखाने, उपग्रहाच्या चित्रांवरून जंगल मोजणारी कामं. जागा थोड्या असतात, हेही लपवलं नाही.

मुलीला त्यातलं बरंच आधीच माहीत होतं. वनसेवेसाठी मुलींना चार तासांत चौदा किलोमीटर चालून दाखवावं लागतं, हे तिनंच मला सांगितलं. सध्या ती पहाटे टेकडीवर जाते. आईनं अजून होकार दिलेला नाही, पण परवा बूट आणून दिले.