गोलाच्या पोटातला त्रिकोण

पन्नास रुपयांच्या जुन्या नोटेच्या पाठीवर संसद भवनाचं चित्र असायचं. शाळेत असताना मी वडिलांना विचारलं होतं, ही इमारत गोल का? सगळ्यांना एकत्र बसता यावं म्हणून, असं उत्तर मिळालं आणि ते मला पुष्कळ वर्षं पुरलं. पुढे सर हर्बर्ट बेकर यांच्याविषयी वाचताना कळलं, की ज्यानं ती बांधली त्याला ती गोल नकोच होती!

बेकर १८६२ साली इंग्लंडमधल्या केंट परगण्यात जन्मले. लंडनच्या एका वास्तुशिल्प कचेरीत उमेदवारी करताना त्यांची एडविन लट्येन्सशी गाठ पडली, मैत्री जमली. १८९२ साली बेकर दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथे सेसिल ऱ्होड्सची मर्जी बसली आणि नशीब उघडलं. साम्राज्यावर त्यांची मनापासून श्रद्धा होती. इमारतीच्या आकारानं राज्यकर्त्यांचा विचार बोलून दाखवावा, हे त्यांचं सूत्र. प्रिटोरियाच्या सरकारी इमारतीला त्यांनी दोन बाजू दिल्या, एक इंग्रजांची, एक बोअरांची. आणि अर्धवर्तुळाकार स्तंभावलीनं त्या जोडल्या. तिथल्या बहुसंख्य काळ्या माणसांसाठी मात्र त्या आकारात जागा नव्हती.

१९१३ साली ते नव्या दिल्लीच्या कामावर आले. व्हाइसरॉयचा प्रासाद लट्येन्सकडे, सचिवालयं बेकरांकडे. पण रायसीना टेकडीवरच्या रस्त्याच्या चढावरून दोघांत बिनसलं. त्या चढामुळे प्रासाद खालून येणाऱ्याच्या नजरेआड जात होता. मैत्री तुटली ती तुटलीच.

नव्या राजधानीच्या मूळ आराखड्यात स्वतंत्र संसद नव्हतीच. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आल्या आणि तीन सभागृहांची गरज पडली : विधानसभा, राज्यपरिषद आणि संस्थानिकांचं नरेंद्र मंडळ. बेकरांनी सरळ हिशेब केला. सभागृहं तीन, तेव्हा तीन पाखांची त्रिकोणी इमारत आणि मध्ये घुमट. लट्येन्स यांनी वर्तुळाचा आग्रह धरला आणि समितीनं तोच मानला. आता बेकरांनी करायचं काय? त्यांनी जुन्या मित्राचं वर्तुळ मुकाट्यानं आपल्या हातानं उभं केलं.

मुरैन्याजवळच्या चौसष्ट योगिनी मंदिरावरून हा आकार घेतला, असं पुष्कळजण सांगतात. गोष्ट गोड आहे, पण तिला कागदोपत्री आधार नाही. खरं कारण समितीच्या त्या निवाड्यात आहे.

गंमत अशी, की वरून पाहिलं तर बेकरांचा त्रिकोण तिथेच सापडतो. मधल्या घुमटाखालच्या दालनापासून तीन दिशांना तीन सभागृहं, मध्ये अंगणं आणि भोवती १४४ खांबांचं कडं. ५६० फूट व्यासाच्या गोलाच्या पोटात हरलेला आराखडा जिवंत राहिला.

१८ जानेवारी १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांनी उद्‌घाटन केलं. दोनच वर्षांनी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी विधानसभेत बॉम्ब टाकला. बेकर ४ फेब्रुवारी १९४६ रोजी वारले. त्याच वर्षी ९ डिसेंबरला मधल्या दालनात संविधान सभा भरली आणि पुढे तिथेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मसुद्यातल्या एकेका कलमावर उत्तर देण्यासाठी उभे राहिले. नरेंद्र मंडळाच्या दालनात १९५० पासून १९५८ पर्यंत सर्वोच्च न्यायालय बसलं. राजेमहाराजांच्या जागी साध्या माणसाची फिर्याद!

२०२३ साली शेजारी नवी संसद उभी राहिली. तिचा आकार त्रिकोणी आहे, कारण तिच्या वाट्याला आलेला भूखंडच त्रिकोणी होता. जुनी इमारत आता संविधान सदन म्हणून ओळखली जाते.

वडिलांचं उत्तर इतिहास म्हणून चुकीचं होतं. बांधणाऱ्यांनी तिथे राजे, धनवान आणि निवडक मतदार यांना वेगवेगळं बसवलं होतं. सगळ्यांना एकत्र बसता येईल असा अर्थ त्या गोलाला नंतर आला, आणि तो आणणारे कोणी वास्तुशिल्पी नव्हते. म्हणून ते उत्तर मी अजून खोडलेलं नाही.