विश्लेषण : मंत्रिपदानंतर संपादक झालेले कार्ल शुर्त्स कोण होते?

कार्ल शुर्त्स यांचा जन्म १८२९ मध्ये जर्मनीत, कोलोन शहराजवळ झाला. १८४८ च्या लोकशाही क्रांतीत विद्यार्थी असतानाच ते उतरले. क्रांती फसली, तेव्हा वेढलेल्या किल्ल्यातून गटारामार्गे निसटले. १८५० मध्ये मात्र जीव धोक्यात घालून परतले आणि आपले प्राध्यापक किंकेल यांना तुरुंगातून सोडवले.

अमेरिकेत काय केले?

१८५२ मध्ये अमेरिका गाठल्यावर त्यांनी गुलामगिरीविरोधी राजकारण केले, लिंकन यांचा प्रचार केला, यादवी युद्धात सैन्याचे नेतृत्व केले. १८६९ मध्ये ते सिनेटर झाले. जर्मनीत जन्मलेले ते पहिलेच सिनेटर. स्वपक्षाचे अध्यक्ष ग्रँट यांच्या कारभारातील भ्रष्टाचारावरही त्यांनी टीका केली. १८७७ ते १८८१ या काळात मंत्री असताना वशिल्याऐवजी गुणवत्तेवर नोकऱ्या देण्याचा आग्रह धरला.

संपादकपद का सोडले?

१८८१ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ‘ईव्हनिंग पोस्ट’चे संपादक झाले. १८८३ मध्ये तार कर्मचाऱ्यांनी संप केला. सहसंपादक गॉडकिन संपाच्या विरोधात होते; शुर्त्स यांना ती भूमिका पटली नाही. अखेर त्यांनी पद सोडले. १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले. पक्ष असो वा वृत्तपत्र, पटले नाही तिथे ते थांबले नाहीत.